छत्रीकाका

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत टीव्ही बघणारे पुष्कळ आहेत. टीव्ही आकाशातून खाली उतरवणारे गृहस्थ एकच, आणि ते टीव्ही बघत नाहीत. त्यांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर असतं. एरवी ते सगळ्यांचे छत्रीकाका. गंमत म्हणजे पावसात वापरायची छत्री त्यांच्याकडे नाही. पाऊस आला की ते रेनकोट चढवून गच्चीवर जातात. जोराच्या पावसात सिग्नल जातो, आणि सिग्नल गेला की काका जातात.

साठी ओलांडलेली. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, चष्म्याच्या काडीला काळी इन्सुलेशन टेप आणि उजव्या हाताच्या बोटांवर तांब्याच्या तारेचे ओरखडे. उभी हयात पिंपरीच्या एका कारखान्याच्या देखभाल खात्यात गेली. तिथे चालू यंत्राकडे कुणी बघत नसे; बंद पडलं की काकांना बोलावणं यायचं. त्यामुळे चालू वस्तूविषयी त्यांच्या मनात आजही संशय आहे. घरातला टीव्ही सलग आठवडाभर नीट दिसला की ते अस्वस्थ होतात आणि रविवारी सकाळी संगणकाचं झाकण उघडतात.

संगणकाचं, कारण काकांच्या टीव्हीला डबा नाही. डबा म्हणजे तुमच्याआमच्याकडे असतो तो सेट-टॉप बॉक्स. काकांच्या टीव्हीखाली एक आडवा काळा संगणक आहे, त्याच्या पोटात सॅटेलाइट ट्यूनर कार्ड आहे, कार्डाला गच्चीवरून आलेली केबल आहे, आणि या सगळ्याला काका ‘होम थिएटर पीसी’ म्हणतात. काकू नवऱ्याला ‘हे’ म्हणतात आणि संगणकाला ‘ते’. ‘‘हे त्याच्यापाशी बसलेत,’’ असं काकूंनी दारातून सांगितलं की आलेला माणूस समजून घेतो आणि परत जातो.

हे सगळं सुरू झालं तत्त्वापासून. पुण्यात बऱ्याच गोष्टी तत्त्वापासून सुरू होतात. डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू केलं. तीसेक वाहिन्या, लहानशी छत्री, सामान एकदा घ्यायचं आणि मग महिन्याचं भाडं शून्य. आजची ‘डीडी फ्री डिश’ ती हीच. काकांनी बातमी वाचली, पेपर खाली ठेवला आणि काकूंना म्हणाले, ‘‘अगं, इतकी वर्षं केबलवाल्याला आपण पैसे कशाचे देत होतो? हे सगळं वरून आपल्या गच्चीवर पडतंच आहे की! आपल्याच गच्चीवर पडलेल्या गोष्टीचे पैसे आपण का द्यायचे?’’

‘‘गच्ची सोसायटीची आहे,’’ काकू म्हणाल्या.

तत्त्वात तेवढी दुरुस्ती झाली, पण तत्त्व राहिलं.

आता साधा माणूस काय करील? दोनेक हजारांत छत्री आणि डबा आणील. बसवायला मुलगा येईल, अर्ध्या तासात सह्याद्री लावून देईल आणि चहा पिऊन जाईल. पण काकांना डब्याचं वावडं. ‘‘डबा सिग्नल पकडतो, पण कसा पकडला ते सांगत नाही,’’ हा त्यांचा मुख्य आक्षेप. दुसरा आक्षेप असा, की तेव्हाच्या डब्यावर रेकॉर्डिंग होत नसे आणि संगणकावर होई. काय रेकॉर्ड करायचं, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही. जर्मनीत असलेल्या भाच्याकडून टेक्निसॅटचं स्कायस्टार-२ कार्ड मागवलं गेलं. मग कार्डासाठी संगणक, संगणकासाठी मोठी डिस्क, डिस्क तापते म्हणून पंखा, पंख्याचा आवाज होतो म्हणून दुसरा, महागडा, कमी आवाजाचा पंखा. महिन्याचे दीड-दोनशे रुपये वाचवायला काकांनी काय खर्च केला, हे त्यांच्या वहीत पैशापर्यंत लिहिलेलं आहे. फक्त बेरीज केलेली नाही.

ही खोड मात्र कार्डाच्या फार आधीची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसायला लागलं. तेव्हा पुण्यातल्या छपरांवरचे अँटेना झाडून सगळे सिंहगडाकडे तोंड करून उभे असत. काका त्या वेळी सदाशिव पेठेतल्या वाड्यातलं शाळकरी पोर. वाड्यात टीव्ही एकच, मालकांचा. आणि कौलं न फोडता छपरावर जाऊ शकेल असं वजनही एकच, काकांचं. खाली ओटीवर अख्खा वाडा जमलेला आणि वर हे अँटेना धरून. खालून आरोळ्या : ‘‘आलं, आलं... गेलं! अरे, मघाचं बरं होतं!’’ सिनेमा संपेपर्यंत पोर छपरावर. काकांनी त्या वयात एकही सिनेमा धड पाहिला नाही, पण वाड्याने जे पाहिले ते त्यांच्या जिवावर. माझ्या मते पुढचं सगळं त्या कौलांवर ठरलं.

सिंहगड निदान डोळ्यांना दिसतो. उपग्रह दिसत नाही. तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी टांगलेला वाटतो. या कल्पनेवर आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये लेख लिहिला होता. काका क्लार्कना मानतात, पण लेखासाठी नव्हे. १९७५ मध्ये भारताने ‘साइट’ हा प्रयोग करून अमेरिकी उपग्रहावरून २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला. त्या वेळी इस्रोच्या अभियंत्यांनी कोलंबोत क्लार्क यांच्या घरीही एक छत्री बसवून दिली होती. काका हे सांगताना नेहमी एक बोट वर करतात : ‘‘बघा. त्यांनीसुद्धा महिन्याचं भाडं दिलं नाही.’’

फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला. पुण्यातून पाहिलं तर जवळजवळ आग्नेय दिशा आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर. काकूंचं म्हणणं, आग्नेयेला शेगडी असते, छत्री नव्हे. काकांनी वास्तुशास्त्राशी वाद घातला नाही. छत्री रोवली आणि तपकीर गल्लीत जाऊन आरजी-६ केबल आणली. गच्चीपासून दिवाणखान्यापर्यंत दोरी सोडून माप आधीच काढलं होतं. ‘‘काका, दोन मीटर जास्त न्या,’’ दुकानदार म्हणाला. देखभाल खात्यात जन्म गेलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे अपमान. काकांनी दोरीइतकीच केबल घेतली. दोरी काटकोनात वळते, केबल वळत नाही. परिणामी संगणक दिवाणखान्याच्या दाराशी आला, त्याच्यामागे टीव्ही आला, टीव्हीमागे सोफा आला, आणि आजतागायत पाहुणे ‘ते’ ओलांडून घरात शिरतात.

केबलच्या टोकाला बसतं ते एफ कनेक्टर. दिसायला बोटाच्या पेराएवढं, पण काकांच्या आयुष्यातला मोठा काळ त्यात गेलाय. केबलच्या मधली तांब्याची तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांची गाठ पडता कामा नये. जाळीचा एक केस जरी आत चिकटला तरी शॉर्ट. शिवाय याच केबलमधून कार्ड वर वीजही पाठवत असतं : १३ व्होल्ट पाठवले की छत्रीसमोर बसवलेला एलएनबी उभ्या लहरी देतो, १८ पाठवले की आडव्या. वर २२ किलोहर्ट्झचा एक सूर असतो, त्याने पट्टा बदलतो. म्हणजे वाहिनी बदलताना गरज पडली की खालून वर हुकूम सुटतो आणि वरून खाली चित्र येतं. हे काका मला जिन्यात उभं करून सांगतात, हातात भाजीची पिशवी असली तरी सांगतात. पण खरं सांगतो, हे ऐकल्यापासून रिमोटचं बटण दाबताना मलाही जरा जबाबदारी वाटते.

छत्री लावणं हे एकट्याचं काम नाही. काका गच्चीवर पाना घेऊन, काकू खाली पडद्यापुढे. पडद्यावर दोन पट्ट्या : वरची ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’, खालची ‘क्वालिटी’. छत्री केसभर हलली की क्वालिटी वरखाली होते आणि ते वर कळायला हवं. फोन करायचा तर पैसे पडणार. म्हणून काकांनी मिस्ड कॉलची पद्धत काढली. एक मिस्ड कॉल : वाढली. दोन : कमी झाली. तीन : दूध उतू जातंय, मी चालले. एकदा ऐन मोक्याच्या वेळी बँकेतून कुणाचा तरी कर्ज हवंय का म्हणून फोन आला, काकांनी तो ‘वाढली’ असा वाचला आणि नट आवळून टाकला. पुढे कितीतरी दिवस त्या घरात रशियन की चिनी कुठलीशी वाहिनी दिसत होती. काकूंचं तिच्यावरचं मत चांगलं होतं. मध्ये जाहिराती नसायच्या.

स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी यांतला फरक काकांनी आम्हाला नीट शिकवला आहे. छत्री भलतीकडे रोखलेली असली तरी वरची पट्टी भरलेली दिसू शकते, कारण ती नुसती येणारी ताकद मोजते, गोंगाटासकट. त्या गोंगाटातून हवं ते ओळखू आलं, तरच क्वालिटी. सोसायटीच्या वार्षिक सभेत एक सभासद पाऊण तास बोलले तेव्हा मागच्या खुर्चीवरून काका शांतपणे म्हणाले, ‘‘स्ट्रेंग्थ पंच्याऐंशी, क्वालिटी शून्य.’’ तेव्हापासून आमच्याकडे माणसं, लग्नं, राजकीय पक्ष आणि हॉटेलातली मिसळ याच मापाने मोजतात.

छत्रीने एक भांडणही ओढवून घेतलं. ही लहान छत्री ‘ऑफसेट’ जातीची. तिचा चेहरा जिकडे दिसतो तिकडे ती बघत नाही. वीसपंचवीस अंश अधिक वर बघते. त्यामुळे आकाशात ५९ अंशांवर रोखलेली छत्री आपल्याला समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांकडे टक लावून बसलेली दिसते. समोरच्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली, की काकांनी आमच्या स्वयंपाकघरावर काहीतरी लावलंय. काका कंपास, कोनमापक आणि आकृती काढलेला कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. ‘‘वहिनी, ती तुमच्याकडे बघतच नाही. बघतेय असं फक्त वाटतं,’’ एवढं बोलून थांबले असते तर निभावलं असतं. ‘‘तुमच्याकडे बघून मला काय मिळणार?’’ हेही ते बोलले. त्या घराचं आणि या घराचं बोलणंचालणं अजून बंद आहे.

गच्चीवर मग पाटी लागली : ‘येथील एक अंश म्हणजे वरती सहाशे किलोमीटर. कपडे इतरत्र वाळत घालावेत.’ हिशोब बरोबर आहे, मी करून पाहिला. पाटीचा परिणामही झाला; कपडे हलले. कुरडया आल्या. कारण २०१३ मध्ये केबलचं डिजिटायझेशन पुण्यात आलं, ३१ मार्चची मुदत होती, आणि कुणा केबलवाल्याने टाकून दिलेली आठ फुटी जाळीची छत्री काकांनी जुन्या बाजारातून टेम्पोत घालून आणली. ही सी-बँडची, पावसाला न डरणारी. काकूंनी ती पाहिली मात्र, आणि काका या खरेदीवर प्रथमच शाबासकीला पात्र झाले. इतकी स्वच्छ, गोल, खालून वारा लागणारी जाळी बायकांना आयती कुठे मिळते? उन्हाळ्यात ओल्या कुरडयांनी सिग्नल खाली येतो आणि त्या वाळत जातील तसा वर चढतो, याचा आलेख काकांनी संगणकावर काढून ठेवला आहे. कुरडई कधी उचलावी हे काकू आता आलेख बघून ठरवतात. माझ्या माहितीत त्या यंत्रणेचा घराला झालेला हा एकमेव निर्विवाद उपयोग.

कारण टीव्ही लावणं हा त्या घरात सोपा मामला नाही. आधी विंडोजवर प्रोगडीव्हीबी होतं. मग काका लिनक्सवर गेले, मिथटीव्ही आलं, त्यात एक बॅकएंड आणि एक फ्रंटएंड; पुढे टीव्हीहेडएंड आणि कोडी. काकूंना सातच्या बातम्या हव्या असत. त्यासाठी सहा चाळीसला उठून संगणक चालू करायचा, पासवर्ड घालायचा, पडद्यावर ‘बॅकएंडशी संपर्क होत नाही’ असं आलं की काकांना हाक मारायची. काका येत, काळा पडदा उघडून काहीतरी टंकत, आणि सात वीसला बातम्या येत. खेळाच्या. रेकॉर्डिंग मात्र व्यवस्थित होई. काकांच्या डिस्कवर सह्याद्रीच्या बातम्या वर्षानुवर्षांच्या आहेत. त्यातली एकही कुणी पाहिलेली नाही. ‘‘काल काय होतं टीव्हीवर?’’ असं मी एकदा विचारलं. ‘‘बिट एरर रेट शून्य होता,’’ काका समाधानाने म्हणाले.

पैसे न देणं आणि चोरणं यांत काकांनी पक्की रेघ आखलेली आहे. एका उत्साही तरुणाने त्यांना कानात सांगितलं, की एक छोटं सॉफ्टवेअर घातलं तर बंद वाहिन्याही याच कार्डावर दिसतील. काका त्याच्यावर असे कडाडले की जिन्यातली मुलं पळाली. ‘‘फुकट वेगळं आणि चोरी वेगळी! उघड्या वाहिन्या माझ्या, कुलपातल्या त्यांच्या!’’ कुलपातल्या हव्या असतील तर रीतसर पैसे भरायची त्यांची तयारी होती. फक्त कंपनीचं कार्ड आपल्या संगणकात बसलं पाहिजे, डबा घेणार नाही. डीटीएचची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं २००१ ची, त्यांत ग्राहकाकडची उपकरणं एकमेकांशी जुळणारी असावीत असं म्हटलेलं आहे. त्याची प्रत काका पाकिटात बाळगून असतात. एका कंपनीला त्यांनी फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, ‘‘सर, आपला बॉक्स बंद करून पुन्हा चालू करा.’’

‘‘माझ्याकडे बॉक्स नाही.’’

‘‘मग सर, आपण आमचे ग्राहक नाही.’’

‘‘हेच मी मघापासून सांगतोय!’’

काकांच्या कारकिर्दीतला मोठा दिवस म्हणजे २ एप्रिल २०११. वानखेडेवर विश्वचषकाची अंतिम लढत, भारत विरुद्ध श्रीलंका. २००७ च्या कायद्यामुळे असे सामने दूरदर्शनला द्यावेच लागतात, म्हणजे काकांना ते आपोआप आले. अख्ख्या मजल्याला आमंत्रण. काकूंनी भेळ केली. चित्र असं स्वच्छ, की खेळपट्टीवरची धूळ दिसावी. एकच गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. मिथटीव्ही चालू कार्यक्रमसुद्धा आधी डिस्कवर लिहितं आणि मग दाखवतं; त्यात काही सेकंद जातात. बाकी सोसायटी जुन्या केबलवर, तिथे असला सोपस्कार नाही. सचिन १८ वर खेळत होता. मलिंगाने चेंडू टाकायला धाव घेतली आणि खालच्या मजल्यावरून ‘‘अरेरे!’’ आलं. आमचा सचिन अजून खेळत होता. पुढच्या क्षणी तो झेलबाद झाला. तेव्हापासून दिवाणखान्यातले सगळे पडद्याकडे बघेनात, कान खिडकीकडे. गंभीर ९७ वर गेला तो आम्हाला आधी भिंतीतून कळला. शेवटी कुलसेकराने चेंडू हातात घेतला, तो मागे वळून आपल्या जागेकडे चालला होता, आणि बाहेर फटाके सुरू झाले. कुणीतरी म्हणालं, ‘‘जिंकलो वाटतं.’’ मग धोनीने सवडीने षटकार मारला.

मंडळी नाचायला रस्त्यावर धावली. काका दाराशी संगणकाला हात लावून उभे होते. ‘‘आमच्याकडे चित्र उशिरा येतं,’’ ते म्हणाले, ‘‘पण शुद्ध येतं.’’

तरी त्यांना खरा आनंद त्याही दिवशी झाला नाही. तो होतो वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्या दिवसांत सकाळी अकराच्या सुमारास सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल काही मिनिटं बुडून जातो. काका आधीच जिन्यात सूचना लावतात. वेळ झाली की आंघोळ करून पडद्यासमोर बसतात. चित्र फुटायला लागतं, चौकोन चौकोन होतात, पडदा काळा पडतो, आणि काकांच्या चेहऱ्यावर जी शांती पसरते ती मी इतरत्र पाहिलेली नाही. सिग्नल गेलेला आहे आणि करण्यासारखं काहीही नाही. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बीच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊन निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले होते, तेव्हा मात्र शांती नव्हती. काकांनी दाढी केली नाही आणि भेटेल त्याला ‘‘वरून काही कळलं का?’’ असं विचारत राहिले.

वर्षातून एकदा, २८ फेब्रुवारीला, ते नारायणगावजवळ खोडदला जातात. तिथे जीएमआरटी, गोविंद स्वरूप यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण : ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या. विज्ञान दिनाच्या सुमारास ती सर्वांसाठी खुली असते. त्याच भागात आर्वी. देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र तिथे १९७१ मध्ये सुरू झालं, सुमारे ३० मीटरची छत्री. ‘‘सबंध देशातून या लोकांनी पुणे जिल्हा का निवडला?’’ काका विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. खोडदला एका तरुण संशोधकाने उत्साहाने सांगितलं, की आम्ही अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आलेले संदेश टिपतो. काकांनी ऐकून घेतलं आणि त्याला बाजूला नेऊन हळूच विचारलं, ‘‘कनेक्टर कुठले वापरता?’’

आता राहिली काकूंची गोष्ट. काकूंना ज्या मालिका बघायच्या त्या कुलपातल्या वाहिन्यांवर. काही वर्षं त्या शेजारी जाऊन बघत. मग एके दिवशी काका खोडदला गेलेले असताना काकूंनी घरखर्चातून रीतसर डीटीएच घेतलं. मुलगा आला, अर्ध्या तासात छत्री लावली, डबा बेडरूममध्ये कपाटाआड ठेवला, चहा प्यायला आणि गेला. गच्चीवर काकांच्या छत्र्यांशेजारी एक नवी छत्री दिसायला लागली. ती कुणाची हे साऱ्या सोसायटीला माहीत. काकांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. काकू मला म्हणाल्या, ‘‘यांना कळलेलंच नाही हो अजून. आणि गंमत बघा, सगळ्यांचं पावसात जातं, माझं कधी जात नाही.’’

जात नाही, कारण पहिल्या पावसाआधी दर वर्षी काका पाना घेऊन त्या छत्रीपाशी जातात. ती ८३ अंशांवरच्या उपग्रहाची आहे हे त्यांनी नुसत्या कलावरून ओळखलं होतं. कनेक्टर उघडून पुसतात, नवी टेप गुंडाळतात, नट पाव आटा फिरवतात. मी त्यांना तसं करताना पाहिलं तेव्हा ते जरा चपापले. ‘‘कुणाची आहे कोण जाणे,’’ ते म्हणाले, ‘‘पण अडाण्याने लावली होती. बघवेना.’’

सध्या काकांपुढे नवा प्रश्न आहे. मुलगी बंगळुरूहून सांगते, ‘‘बाबा, हे सगळं आता फोनवर दिसतं.’’ काका म्हणतात, ‘‘दिसतं गं. पण येतं कुठून?’’ फ्री डिशवर आता एमपीईजी-४ च्या वाहिन्याही आल्या आहेत. त्या घ्यायला डीव्हीबी-एस२ चं कार्ड लागतं आणि स्कायस्टार-२ हे जुन्या डीव्हीबी-एसचं. नवं कार्ड जुन्या संगणकाच्या पीसीआय खाचेत बसत नाही, म्हणजे संगणकही नवा. काकांनी दोन्ही मागवलं आहे, माझ्या पत्त्यावर. काकूंना हे अजून माहीत नाही.

हा अंक त्यांच्या घरी येत नाही, तेवढ्या भरवशावर मी हे लिहिलं आहे. वाचकांपैकी कुणी कोथरूडला जात असेल आणि दाराशी संगणक ओलांडून एखाद्या घरात शिरावं लागलं, तर हा अंक कृपया पिशवीतच ठेवावा. दोघांपैकी एकालाही दाखवू नये.